सगळ्यांना सारखा लगाम

अनघाताईंच्या समान न्यायाला यवतमाळात तोड नव्हती. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना पहिल्या नंबराच्या पोराला आणि नापास झालेल्याला त्या सारख्याच झापत. घरी चिवडासुद्धा वाटीनं मोजून वाढत, मग पाहुणा पोटभर जेवून आलेला असो की उपाशी.

बोंडअळीच्या त्या वाईट वर्षांत कपाशी फवारणारे मजूर भोवळ येऊन पडू लागले, तेव्हा राळेगावकडच्या तांड्यातल्या अमरसिंगनं त्यांना गाठलं. त्याचा धाकटा भाऊ राजकुमार दवाखान्यात होता. ताईंनी आजारी आणि धडधाकट मजुरांना शेकडो गोष्टी विचारल्या: पंप कोणता, वारा कुठून, कपाशी किती उंच, औषध कोणतं. माणसं मोजकी आणि कारणं ढीगभर! अशा वेळी कुठलं कारण किती दांडगं असू शकेल, हे हिशेबाआधीच मनाशी धरून चालावं लागतं. ताईंनी आपल्या स्वभावाप्रमाणे सगळ्या कारणांना सारखाच लगाम लावला, म्हणजे प्रत्येकाचं वजन सारख्याच जोरानं शून्याकडे ओढलं. उत्तर आलं, कशातच काही नाही.

"मॅडम, उद्या सकाळी आमची टोळी फवाऱ्याले जाऊन राह्यली," अमरसिंग दारात उभा राहून म्हणाला. "काय टाळू, तेवढंच सांगा मले."

ताई परत टेबलाशी बसल्या. कशातच काही नाही, तर राजकुमार पडला कसा? त्यांना स्वतःचाच संताप आला. सगळ्यांना सारखं दाबण्याच्या नादात खरं कारणही त्यांनीच दाबून टाकलं होतं. त्यांनी हिशेब नव्यानं मांडला आणि या वेळी प्रत्येक कारणाला त्याचा त्याचा वेगळा लगाम दिला. बहुतेक कारणं शून्याकडे ओढली जावीत, पण खरोखर दांडगं असेल त्याला निसटायला वाव राहावा. अमरसिंग ओट्यावर बसून होता. कॉम्प्युटर घरघरत होता. एकेक कारण शून्याशी जाऊन टेकलं. एक मात्र जागचं हललं नाही: एकाच पंपात दोन औषधं मिसळणं.

"खात्री हाय?" त्यानं विचारलं.

"पुरती नाही," ताई म्हणाल्या. "पण मिसळून फवारू नका, अमरसिंगभाऊ. चुकलं तर माझ्या माथी."

सकाळी त्याचा फोन आला. "आमी नाही म्हटलं, मॅडम. तं मालकानं दुसरीच टोळी लावली. थे मिसळूनच राह्यले."

ताई तशाच उठल्या. त्यांनी स्कूटरची किल्ली शोधली.

"भांडा त्यांच्याशी, पाया पडा, काय वाट्टेल ते करा," त्या फोनमध्ये ओरडल्या, "पण पंप पाठीवर चढू देऊ नका. मी निघाले!"