चरकातला हात

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचं पुढे पुढे फारसं काही वाटेनासं झालं. पण एका गुऱ्हाळावरचा तपास मात्र मला आजही विसरता आलेला नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा राहुरी तालुक्यात फौजदार होतो. गावाचं, माणसांचं नाव सांगत नाही. त्यांची मुलंबाळं अजून तिथेच नांदताहेत.

थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी घेऊन मी शिपायांना कामं वाटत होतो, तेवढ्यात मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर ठाण्यात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, काल एक माणूस आला होता. एकाचा हात चिरडलाय, पट्टीचं सामान द्या म्हणाला. पेशंटला आणा म्हटलं, तर नाहीच म्हणतो. आज पुन्हा आला. जखमेला वास येतो का विचारलं, तर रडायला लागला आणि पळून गेला."

"नाव?"

"सांगितलं नाही. पण कपड्यांना गुळाचा वास होता. साहेब, उशीर केलात तर हात सोडा, जीवसुद्धा जाईल."

ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितलं, दोन शिपाई घेतले आणि जीप काढली. आमच्या हद्दीत गुऱ्हाळं बरीच होती. पहिल्या दोन ठिकाणी जीप थांबताच कामगार हातातलं टाकून जवळ आले. पुढच्या गुऱ्हाळावर मात्र कुणी मान वर केली नाही. पोलिसांची जीप आली की माणूस बघतोच. जो बघत नाही, त्याला काहीतरी ठाऊक असतं, हा माझा अनुभव आहे.

मालक रसाचा पेला घेऊन पुढे आले. "या साहेब, आधी रस घ्या."

"कुणाला लागलंय?"

"हितं? न्हाई बा. हितं कुनाला कशाला लागंल?"

पेला तसाच ठेवून मी फिरायला लागलो. ऊस पिळायचा चरक एका बाजूला, डिझेलचं इंजिन दुसऱ्या बाजूला, मधे धूर अडवायला पत्र्याचा आडोसा. आडोशाच्या फटीतून गेलेला लांब पट्टा चरक फिरवत होता. चरकाजवळच्या चिपाडाच्या ढिगात पाय घातला, तर काहीतरी लागलं. ओढून काढलं. एक लोखंडी सळई होती, टोकाला चेपून वाकडी झालेली. त्यावर वाळलेलं रक्त होतं.

सळई पाहताच मालकांची गोष्ट बदलली. "एक पोरगं हुतं. लई अवखळ. चालू चरकात ऊस लावताना हात गेला. जरा खरचटलं. गावी गेलं त्ये."

"ऊस लावणाऱ्याच्या हातात सळई कशाला?"

सळई लागते ती चरकात चिपाड अडकल्यावर, उकरून काढायला. आणि चालू चरकात सळई घालण्याइतकं खुळं कुणी नसतं. म्हणजे पट्टा उतरवलेला होता, चरक थांबलेला होता, पोराचा हात आत होता, आणि कुणीतरी पट्टा पुन्हा चढवला होता.

पोरगा कुठे आहे, हे मी तीन प्रकारे विचारून पाहिलं. मालक ताकास तूर लागू देईनात. इकडे वेळ चालला होता. इंजिनावरचा तरुण मात्र आल्यापासून एकच बोल्ट पुसत उभा होता. त्याला बाजूला घेतलं.

"सिस्टरांकडे तूच गेला होतास ना? कोण लागतो तुझा तो?"

"धाकला भाऊ." त्याने बोल्ट खाली ठेवला. "मालक म्हनलं, सरकारी दवाखान्यात नेलं का पोलिसांना कळवत्यात. पट्टा तू चढवला, आत तूच जाशील."

"तुला आत टाकायचं का नाही, ते मागाहून बघू. भाऊ जिता पाहिजे का नको, एवढंच सांग."

तो पळतच सुटला. आम्ही उसातून त्याच्या मागे. मधल्या पाटात माझा पाय घसरला, शिपायाने धरलं. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत पोत्यांवर जेमतेम सतरा वर्षांचं पोर पडलेलं. उजवा हात धोतराच्या चिंधीत, हळदीने माखलेला. अंग चुलीसारखं तापलेलं. माझी वर्दी दिसताच ते उठायला धडपडलं.

"साहेब, हात म्याच घातला. दादानं काय न्हाई केलं."

जीप थेट नगरला घेतली. मागे थोरला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. निम्म्या वाटेत धाकट्याचं कण्हणं थांबलं. "बोल ना रं, काय तरी बोल," असा थोरल्याचा धोशा चालला होता आणि उत्तर येत नव्हतं. चालकाला मी त्या दिवशी जे ओरडलो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोर वाचलं. हात मनगटापासून काढावा लागला. "त्याच दिवशी आणला असता, तर हाताचं काही करता आलं असतं," एवढंच डॉक्टर म्हणाले. मला मालकाचा इतका संताप आला की जबाब घेण्याचं काम मी मुद्दाम हवालदाराकडे दिलं.

थोरल्याने सगळं सांगितलं. कढईखाली जाळ धडधडत होता, रस कमी पडत होता. मालक आडोशाच्या अलीकडून, इंजिनाजवळून ओरडले, "चढव पट्टा!" पलीकडे चरकात कुणाचा हात आहे, हे ना त्यांनी पाहिलं, ना थोरल्याला दिसणं शक्य होतं. यंत्राबाबत हयगय आणि गंभीर दुखापत, असा गुन्हा मालकावर दाखल केला. थोरला साक्षीदार झाला.

न्यायालयात बचावाच्या वकिलांनी धाकट्याला विचारलं, "जपून काम कर, असं मालक सांगायचे ना?"

"व्हय. रोज सांगायचे."

केस गेली, असंच वाटलं. वकील समाधानाने कागद आवरायला लागले, तसं पोर पुढे बोललं, "पन जपून म्हंजी काय करायचं, ते कुनी न्हाई दाखवलं."

मालकांना शिक्षा झाली, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. आपण सगळेच पोरांना जपून कर, जपून कर म्हणतो आणि आपली जबाबदारी संपली असं धरून चालतो. सांगणं फुकट असतं. करून दाखवायला काम थांबवावं लागतं, आणि तिथेच आपण कच खातो.

पुढच्या हंगामात मी गुऱ्हाळं हिंडलो. चरकात हात घालायचा तर इंजिन पुरतं बंद करायचं, आणि ते चालू करायचं हँडल हात घालणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायचं, एवढंच सांगत होतो. एका मालकांनी हरकत घेतली. "साहेब, दर खेपेला इंजिन बंद केलं तर चालू करता करता घाम निघतो. निसता पट्टा उतरवला म्हंजी झालं की."

"बरं," मी म्हणालो. "उतरवा पट्टा. इंजिन चालू राहू द्या. तुम्ही चरकात हात घाला, मी पलीकडे पट्ट्यापाशी थांबतो."

मालक हसले. मी हसलो नाही. त्यांनी चरकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आडोशापलीकडे हाक दिली, "ए, इंजिन बंद कर रं. आन् हँडल हिकडं आन."