पाळण्यातला वरवंटा

भाचीच्या मुलीचं बारसं आटोपलं, बायका ओट्या घेऊन गेल्या. रीतीप्रमाणे पाळण्यात बाळाशेजारी कुंची घालून निजवलेला वरवंटा मी उचलायला गेले, तर भाची म्हणाली, “मावशी, राहू दे ना जरा.”

“अगं, चटणी वाटायचीय,” मी हसून म्हटलं.

ती हळूच म्हणाली, “हिच्याबरोबर तयार झालेले अजून दोन गर्भ आहेत डॉक्टरांच्या लॅबमध्ये, गोठवून ठेवलेले. तिघांत हा चांगला दिसतोय म्हणून डॉक्टरांनी हिला निवडलं. आता फॉर्म आलाय. उरलेले ठेवायचे की टाकायचे, ते कळवा म्हणतात.”

मला राग आला, पण कुणावर, ते कळेना. नऊ वर्षं वाट बघून तिच्या मांडीवर हे मूल आलं, ते त्याच डॉक्टरांमुळे. पण चांगला दिसतोय म्हणजे काय? त्या दोघांतलं कुणी हसरं निघालं असतं की हट्टी, हे कुठल्या काचेतून दिसतं?

मी वरवंट्याला हात लावला. एरवी गार लागणारा तो दगड बाळाच्या बाजूनं कोमट झाला होता.

मी त्याची कुंची नीट केली आणि चटणी मिक्सरला लावली.