गिअरबॉक्समधला झेंडू

मुखेडच्या बाजारतळामागं लिंबाजी मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक चेनपुली आणि तेलानं काळी पडलेली जमीन. नव्या ट्रॅक्टरकडं लिंबाजी ढुंकूनही बघत नाही. चाळीस-पन्नास वर्षांचं जुनं धूड आलं, की मात्र त्याची कळी खुलते. गिअरबॉक्समधलं तेल तो बोटांत चोळतो, नाकाशी नेतो आणि आत काय झिजलंय ते सांगतो. आपण बसवलेला गिअर पुन्हा उघडावा लागत नाही, ही त्याची शेखी अख्ख्या तालुक्याला पाठ होती.

ती शेखी जिरवली देवणीच्या संगप्पांच्या ट्रॅक्टरनं. सलग तिसऱ्या वर्षी, दसरा झाला न झाला तोच, तो दुसऱ्या ट्रॅक्टरच्या दोरीला बांधून दारात आला. दुखणं तेच. गिअर करकर वाजत होते आणि तेल ताकासारखं पांढरं झालं होतं, म्हणजे आत पाणी. लिंबाजीनं आधी सील बदलले होते, बेअरिंग बदलली होती, ट्रॅक्टर पत्र्याखाली उभा करायला लावला होता. पाणी काही हटेना. या वेळी संगप्पांचा चेहरा पार उतरला होता. पुन्हा बिघडला तर सरळ भंगारात, असं पोरानं बजावलं होतं. ज्या ट्रॅक्टरवरून बायकोला, उमाबाईंना, लग्न करून घरी आणलं, तो भंगारात जाणार या विचारानं म्हाताऱ्याला घास गोड लागेना.

लिंबाजीनं तेल सोडलं आणि तळातला गाळ चाळणीत धरला. लोखंडाच्या किसाबरोबर झेंडूची एक पाकळी आली.

"आप्पा, ह्याला हार घालता का?"

"पोळ्याला घालतो की. बैलासंगं आधी अंघोळ, मग हार."

दर पोळ्याला मोटारीचा पाइप धरून त्याची साग्रसंगीत अंघोळ व्हायची. गिअरच्या दांड्याखालचं रबर तीन वर्षांपूर्वीच फाटलेलं, त्यामुळं पाणी थेट पोटात. लिंबाजीनं खोदून खोदून विचारलं होतं, पण सणाची अंघोळ मिस्त्रीला सांगायची असते हे संगप्पांच्या ध्यानीमनीही नव्हतं. लिंबाजीला हसू आलं आणि फाटकं रबर दोनदा नजरेतून सुटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

त्यानं आतून सगळं डिझेलनं धुतलं, हुडकून आणलेला जुना गिअर बसवला, नव्वद नंबरचं तेल भरलं. ट्रकच्या ट्यूबचं टोपरं कापून दांड्याला तारेनं आवळलं. वर अंघोळ बंद करायची ताकीद दिली. ती उमाबाईंनी फोनवरच उडवून लावली. बैलं धुवायची आणि ह्याला पारोसा ठेवायचा, हे त्यांच्या घरात होणार नव्हतं.

पुढच्या पोळ्याला लिंबाजी सकाळच्या एसटीनंच देवणीत हजर झाला आणि ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला. डोळ्यांदेखत बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हती. पाइप सुटला, ट्रॅक्टरबरोबर मिस्त्रीचीही अंघोळ झाली आणि बघायला जमलेली बायामाणसं हसून बेजार झाली.

उमाबाई ताट घेऊन पुढं आल्या, तर लिंबाजीनं त्यांना हातानं थांबवलं. निथळत्या कपड्यांनिशी तो खाली शिरला आणि तळाचं बूच सैल केलं. पाणी शिरलं असतं तर पहिल्यांदा तेच आलं असतं. संगप्पा गुडघे धरून वाकले होते. बोटावर आलेला थेंब लिंबाजीनं चोळला, नाकाशी नेला. निव्वळ तेल, मधासारखं.

"ववाळा आता, वहिनी," तो खालूनच म्हणाला. "पोटात थेंब न्हाई पाण्याचा."

संगप्पांनी डोळे पुसले. उमाबाईंनी पहिलं कुंकू गिअरच्या दांड्याला लावलं.