बालवाडी ओसरीवर, मी अंगणात

माईसाहेबांनी दुधाचं पातेलं ओसरीवरून खाली उपडं केलं. माझ्या पायाशी.

दुष्काळाचं साल. विहिरी तळाला गेलेल्या. बालवाडीला सरकारी पावडरीचं दूध यायचं, तेवढंच पोरांच्या पोटात सकाळी पडायचं. पोरं वाट्या धरून बसली होती. ओसरीवरची बघत राहिली, अंगणातलीही बघत राहिली. दूध धुळीत पसरलं आणि बघता बघता मातीनं ते पिऊन टाकलं.

मी केलं होतं एवढंच. मदतनीस गिरजाबाई तापानं फणफणली होती, आली नव्हती. पोरं भुकेनं कळवळत होती. मी पायऱ्या चढून ओसरीवर गेले आणि पातेल्यातलं दूध डावानं हलवलं. माईसाहेबांनी ते बघितलं आणि मला खाली उतरायला लावलं.

माईसाहेब म्हणजे सरपंचांची बायको. महिला मंडळाच्या अध्यक्षा. बालवाडी मंडळाची आणि ओसरी त्यांच्या घराची. त्या कधी ओरडत नसत. तेव्हाही ओरडल्या नाहीत.

"आता ओसरी सारवून घे," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "नगं. तू नगं. तू नुसतं शेन आनून ठेव. सारवायला दुसरं कुनी यील."

मी शेण आणून ठेवलं. माझ्याच पोरांसमोर. ज्यांना मी हात धुवायला शिकवत होते, त्यांच्यासमोर.

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि मला शाळेत घातलं. मी सातवी पास झाले. लग्न होऊन नेवाशाजवळच्या ह्या गावात आले. बालवाडीला ट्रेनिंग झालेली बाई पाहिजे, नाहीतर मंजुरी नाही, असं वरून आलं. गावात दुसरी सातवी झालेली बाई नव्हती. म्हणून मला घेतलं. नगरला ठेवून ट्रेनिंग दिलं. तिथं शिकवलं, पोरांना गोलात बसवा, गोलात कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. मी ते खरं धरून गावी आले.

गावात सगळं आधीच ठरलेलं होतं. बागायतदारांची पोरं ओसरीवर. आमच्या वस्तीतली पोरं खाली अंगणात. मीही अंगणात. खाली उभी राहून मी वर शिकवायचे. ओसरीवरच्या पोरांचे पाय माझ्या छातीपाशी यायचे. मागं वळले की खाली आमची पोरं, त्यांत माझी चार वर्षांची सुमन. त्यांच्या वाटीत गिरजाबाई वरून दूध सोडायची. हात लांब धरून.

पहिल्याच आठवड्यात मी माईसाहेबांना विचारलं होतं, सगळ्यांना गोलात बसवू का.

"ते नगरचं नगरात ठेव," त्या म्हणाल्या. "गाव आमाला चालवायचंय."

दूध सांडल्यावर मी वाट बघत होते ती तालुक्याच्या बाईंची. बालवाड्या तपासायला त्या जीपमधून यायच्या. शिकलेल्या, गोड बोलायच्या. त्यांनी ओसरीवर बसून चहा घेतला. मी खाली उभी. जीपपाशी गाठून मी त्यांना सगळं सांगितलं.

"मला कळतं हो," त्या म्हणाल्या. "पण बदल असा एका दिवसात होत नसतो. तुम्ही ताणलंत तर ओसरी जाईल. ओसरी गेली की बालवाडी गेली. मग ह्या मुलांना दूध कोण देणार?"

 ते खरं होतं. मी बोलले तर दूध बंद. नाही बोलले तर सुमन धुळीत.

घरी वेगळं नव्हतं. नवरा आणि सासू पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जात. तिथला मुकादम सरपंचांच्या भावकीतला. सासू म्हणाली, "तू तोंड उघडशील आन आमाला कामावरनं हाकलतील. गुमान ऱ्हा."

मी गुमान राहिले. रोज सकाळी लुगडं नीट करून जायचे, गाणी म्हणायचे.  कुठूनच वाट नव्हती.

मग एका दुपारी घरामागं पोरांचा आवाज आला. सुमन दगडावर उभी होती. हातात करवंटी. खाली शेजारची लहान पोर ओंजळ धरून बसलेली. सुमन वरून तिच्या ओंजळीत माती सोडत होती.

"लांब धर," सुमन तिला म्हणत होती. "शिवशील."

मी विचारलं, "काय खेळताय?"

"बालवाडी."

"तू कोन हायेस?"

"मी माईसाब."

"आन बाई कोन झालंय?"

सुमननं जरा विचार केला. "बाई न्हाई लागत," ती म्हणाली. "बाई नुसती उभी ऱ्हाती."

मला मारलं असतं तर इतकं लागलं नसतं. मला वाटत होतं मी पोरांना गाणी शिकवते. मी हे शिकवत होते. रोज. उभी राहून.

सकाळी मी गेले. अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि ओसरीवरच्या पोरांना म्हणाले, "आज गानं खाली. समद्यांनी खाली या."

पोरांना काय, त्यांनी धडाधड उड्या टाकल्या. हातात हात घेतले. मोठा गोल झाला. पोरं हसत होती. माईसाहेब दारात आल्या.

"पोरांना वर धाड."

"न्हाई."

"काय म्हनलीस?"

"वर्ग एक हाय. वर घ्याल तर समद्यांना घ्या, मला बी. न्हाईतर समदे खाली. दोन वर्ग मी घेनार न्हाई."

"तुजी नोकरी कुनामुळं हाय, ठाव हाय का?"

"ठाव हाय. गावात दुसरी शिकलेली बाई न्हाई, त्याच्यामुळं हाय."

दुपारपर्यंत ओसरीवरच्या पोरांच्या आया येऊन आपापली पोरं ओढून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. मुकादमानं नवऱ्याला आणि सासूला कामावर घेतलं नाही. ती दोघं लांबच्या कामावर पायी जाऊ लागली. सासू माझ्याशी बोलायची बंद झाली.

मी वस्तीतल्या चिंचेखाली पोरं गोळा केली. पाटी नाही, दूध नाही. आमच्याच बायका अंगावर आल्या. "तुज्या मानापायी आमच्या लेकरांचं दूध गेलं," एक जण म्हणाली. मी तिला काय सांगणार? तिचं पोर खरंच रडत होतं.

गिरजाबाई एकदा नातीला घेऊन आली. ती गरीब मराठ्याची, स्वभावानं चांगली. म्हणाली, "हिला बसव तुज्यात. पन पानी मी यिऊन पाजीन."

"पानी मीच पाजनार. चालत आसंल तर बसव."

तिनं नातीचा हात धरला आणि गेली. मला वाईट वाटलं. पण मी हाक मारली नाही. मारली असती तर चिंचेखालीही एक ओसरी उभी राहिली असती.

मग मी त्याच चिडलेल्या बायकांना म्हणाले, "दूध लेकरांचं हाय. ओसरीचं न्हाई. चला नेवाशाला." त्या कुरकुरत निघाल्या. पोरं कडेवर घेऊन आम्ही तालुक्याच्या कचेरीच्या दारात बसलो. साहेबानं उठा म्हटलं. उठलो नाही. परत परत जाऊन बसलो. बऱ्याच हेलपाट्यांनी दूध वस्तीवर यायला लागलं. माझं मानधन मात्र आलं नाही.

बाईविना बालवाडीची मंजुरी अडलीय, म्हणून आता माईसाहेबांचा निरोप येतो. ओसरी उघडतो, माफी माग, पहिल्यासारखं चालू कर. तालुक्याच्या बाई पण तेच सांगून गेल्या. घरात सासू अजून पाठ फिरवून जेवते.

मी जाणार नाही. गावची पोरं शिकवायला माझी ना नाही. ती इथं यावीत, आमच्या पोरांना खेटून बसावीत, माझ्या हातचं पाणी प्यावीत. याहून कमी मी घेणार नाही. गाव माझ्याशिवाय चालतं असं माईसाहेब म्हणत असतील तर चालवू देत. मी रोज सकाळी ह्या झाडाखाली बसणार आहे.