वाटीखालचं नाणं

लिफ्टवाल्यांनी जन्मभर वर-खाली करणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती केली आणि निवृत्त झाल्यावर वर-खाली करणाऱ्या आणखी एका गोष्टीच्या नादी लागले. शेअर बाजाराच्या. त्यात पैसे लावायचे म्हणून नव्हे हं, तो समजून घ्यायचा म्हणून. हा फरक ते भेटेल त्याला ऐकवत. बायको म्हणे, "लिफ्टला निदान बटण तरी असतं."

पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल. त्यावर आलेखाच्या कागदांची चळत, स्टीलची पट्टी, टोक काढलेल्या पेन्सिली आणि जावयाने दिलेला जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटर एका क्षणात आलेख काढून देई, पण लिफ्टवाल्यांचा विश्वास स्वतःच्या हातावर. रोजचा भाव ते ठिपक्याने मांडत, ठिपके जोडत आणि मग लाटा मोजत बसत. बाजार पुढे जातो तो पाच लाटांत आणि मागे येतो तो तीन लाटांत, असं त्यांनी वाचलं होतं. मागे किती यायचं, त्यालाही म्हणे प्रमाण असतं. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, अशी मागच्या दोन आकड्यांची बेरीज करत जाणारी एक मालिका आहे. तिच्यातल्या एखाद्या मोठ्या आकड्याला त्याच्या पुढच्या आकड्याने भागलं की ६१.८ टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. शंभर रुपये चढलेला भाव बासष्टेक रुपये उतरून थबकला की लिफ्टवाल्यांच्या अंगावर काटा उभा राही.

गोम एकच होती, ती म्हणजे खोडरबर. भाव त्यांच्या मोजणीप्रमाणे वागला की सगळ्या घराला ऐकवून होई. नाही वागला, की ते चौथी लाट खोडून तिला तिसरीचाच तुकडा ठरवत, पाचवीला पहिली करत, आणि मोजणी पुन्हा बरोबर! नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो. इथे अंगणच रोज नव्याने आखलं जात होतं. सहा वर्षांत हा माणूस एकदाही चुकला नाही. बायको मात्र रोज टेबलाखालून रबराचा चुरा झाडून काढी.

अशात एके दिवशी ताई आली. ही लिफ्टवाल्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं. चौसष्ट वर्षांच्या या गृहस्थांना ती अजून छोटू म्हणते. जन्मभर रुग्णालयात नर्स म्हणून राबून तिने थोडी शिल्लक टाकली होती.

"छोटू, तुला बाजारातलं कळतं," ती म्हणाली. "माझं आहे नाही ते सगळं तूच लाव बाबा. मी दुसऱ्या कुणाला विचारणार?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. सहा वर्षांत इतक्या मानाने कुणी विचारलं नव्हतं. पण लिफ्टवाल्यांना एकदम आपलं जुनं काम आठवलं. नवी लिफ्ट बसवली की तिच्यात आधी माणसं चढवत नाहीत. वाळूची पोती भरतात, परवानगीपेक्षा जास्तच भरतात, आणि ब्रेक धरतो की नाही ते बघतात. आपल्या विद्येत आपण एक तरी पोतं कधी ठेवलं का? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढाच काय तो सगळा कारभार.

"ताई, मला एकवीस आठवडे दे," ते म्हणाले. एकवीस का, हे सांगायला नकोच.

नियम त्यांनीच केले. दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा अंदाज कागदावर लिहायचा, वर की खाली, आणि तो शाईच्या पेनाने. खोडरबर बायकोच्या ताब्यात. त्याच दिवशी बायकोने स्वयंपाकघरात नाणं उडवायचं. छापा म्हणजे वर, काटा म्हणजे खाली. "माझं डोकं नाण्यापेक्षा बरं चालतं का, एवढंच बघायचंय," ते म्हणाले. नाण्याचा कौल आधी कळला तर आपलं मन तिकडे झुकेल, म्हणून नाणं जसं पडेल तसं फळीवर उपड्या वाटीखाली राहील. शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर वाटी उचलायची ती त्यांनीच.

पहिल्या शनिवारी शाईचं पेन उघडण्याआधी त्यांनी सवयीने खोडरबर चाचपलं. एक चूक झाली, ती कागदावर तशीच राहिली. दुसरी झाली, तीही राहिली. त्या आठवड्यांत ते जेवत नीट नसत, पण एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. तापाने फणफणले असतानाही उशीला टेकून आलेखावर पट्टी लावली. शुक्रवारी भाव बघून ते खुर्चीतून उठत, वाटी उचलत आणि दोन्ही रकान्यांत गुण मांडत. एकविसाव्या शुक्रवारी हिशेब झाला: लिफ्टवाले बारा, नाणं दहा. फरक थोडाच, पण जिंकले! त्यांनी लगेच ताईला फोन लावला.

रविवारी ताई चेक लिहूनच घेऊन आली. लिफ्टवाल्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात बायकोने चहाचा ट्रे दाणकन टेबलावर ठेवला.

"ताई, चेक देऊ नका," ती म्हणाली. "वाटीखालचं नाणं मी उलटं केलंय."

लिफ्टवाल्यांचा पुढे केलेला हात मागे आला.

"भाव बघून यांचा चेहरा असा पडायचा, मला बघवायचं नाही. हे चुकले आणि नाणं बरोबर निघालं, की हे उठायच्या आत मी नाणं उलटवायची."

"किती वेळा?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"तीनदा."

त्यांना राग आला, भयंकर आला. कानशिलं तापली. पण हात सवयीने पेनाकडे गेला होता. दहा आणि तीन, तेरा. एकविसापैकी तेरा. त्यांनी कागदाच्या कडेला भागाकार केला आणि उत्तराकडे बघतच राहिले. ६१.९ टक्के! मग ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"काय झालं रे छोटू?" ताई घाबरली.

"ज्या आकड्यापुढे मी सहा वर्षं मान तुकवली ना ताई, तो या नाण्याने आणून दाखवला. एक पुस्तक न वाचता."

"म्हणजे नाणं हुशार?"

"नाणं कसलं हुशार! त्याचे आठ आले असते तरी मी असाच चकित झालो असतो. आठही मालिकेतलाच." त्यांनी दहावर आडवी रेघ मारली, वर तेरा लिहिले. "चेक पर्समध्ये ठेव. मला येत नाही हे. अजून तरी येत नाही."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. "मला वाटलं, तुम्ही मोडून पडाल."

"अगं, मी पडलो असतो तर माझा मी उठलो असतो. ताईने या वयात कुठून उठायचं होतं?"

ताईने चेकची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "मग आता सोडलंस ना हे खूळ?"

"छे! आणखी एकवीस शनिवार." लिफ्टवाल्यांनी नवा कागद पुढे ओढला आणि नाणं ताईच्या तळहातावर ठेवलं. "आता हे तू उडवायचंस, तुझ्या घरी."

"बघ हं. हरलास तर मी तोंडावर सांगेन. माझ्याकडे लाड नाहीत."

"म्हणून तर तुला देतोय," लिफ्टवाले म्हणाले आणि पट्टी शोधू लागले.