भिंगरीसाठी तिसरी खिट्टी

कुलूपवाल्या काकांनी चाळीस वर्षांत हजारो दारं बंद केली होती. "मी बसवलेलं कुलूप कुणाच्या बापाला उघडायचं नाही," असं ते छाती ठोकून सांगत. त्यामुळे प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या ताईंचा फोन आला तेव्हा त्यांना हसूच आलं. मांजराचं एक पिल्लू म्हणे पिंजऱ्याची खिट्टी काढून रोज बाहेर येतं.

पिल्लू करड्या रंगाचं, पाच महिन्यांचं. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची भावंडं केव्हाच चांगल्या घरी गेली होती. तिलाही एका कुटुंबानं नेलं होतं, पण दोनच दिवसांत टोपलीसकट परत आणलं. "गोड आहे हो, पण घरातले सगळे मोजे बादलीत बुडवते," असं म्हणाले. तेव्हापासून कुणी विचारलंही नव्हतं.

काकांनी पहिली खिट्टी बसवली. हत्यारं आवरेपर्यंत भिंगरी बाहेर येऊन त्यांच्या पिशवीत बसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्प्रिंगची खिट्टी लावली. ती काढायला तिला अर्धा तास लागला, इतकंच.

रात्री जेवताना काकू पोट धरून हसल्या. "एवढ्याशा पिल्लानं तुमच्या तोंडाला फेस आणला?"

"अगं, नख अडकवून बरोबर खेचते. डोकं आहे तिला!"

"असू दे. आपल्याला मांजर नको हं, आधीच सांगते. माझ्या शिवणकामाचा विचका होईल."

"मी कुठं काय म्हणालो?"

तिसऱ्या दिवशी मात्र काकू स्वतःच निघाल्या. "बघू तरी, कोण ही महामाया." मशीनवरून तशाच उठल्यामुळे मापाची टेप गळ्यातच राहिली होती.

काकांनी तिसरी खिट्टी बसवली. आधी दाबायची, मग फिरवायची. भिंगरीनं पंजा घातला, दात लावले, उलटी होऊन पाहिलं. खिट्टी हलेना. शेवटी ती जाळीशी बसली आणि काकांकडे टकामका बघत राहिली.

"जमलं की, काका!" ताई म्हणाल्या.

काका हत्यारं आवरू लागले. आपण जिंकलो, असं त्यांना काही केल्या वाटेना.

एवढ्यात भिंगरीला काकूंच्या गळ्यातली टेप दिसली. जाळीतून पंजा बाहेर आला आणि टेपचं टोक आत गेलं. काकूंनी ओढलं, तिनंही ओढलं. हसून हसून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, बघत काय बसलात? उघडा ना!"

काकांनी खिट्टी दाबली, फिरवली. भिंगरी टेपसकट काकूंच्या खांद्यावर चढली.

ताईंनी अर्ज पुढे केला. "घरी कुणाची हरकत नाही ना?"

काकांनी हळूच बायकोकडे पाहिलं.

"होती," काकू म्हणाल्या, "कालपर्यंत."

महिन्याभरानं ताई पाहणीला गेल्या. दार सताड उघडं होतं. कुलूपवाले काका फरशीवर पालथे पडून पट्टीनं पलंगाखालचा चेंडू काढत होते, आणि भिंगरी त्यांच्या पाठीवर उभी राहून वाकून बघत होती.

"या ताई, बसा," काका खालूनच म्हणाले. "मला काही उठता येत नाही आत्ता."