नवरदेवाची शहाणी ताई

कुरुंद्यात हळद पिकवणाऱ्या घरात राहून पांढऱ्या टी-शर्टचा धंदा काढणारी मी पहिली बाई आहे आणि गावाचं म्हणणं असं, की शेवटचीही मीच असणार.

धंदा तसा सोपा. गिऱ्हाइकाला छातीवर जे मिरवायचं असेल ते मी मोबाइलवर तयार करते. नांदेडचा एक माणूस ते पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापून बसने पाठवतो. मग ती फिल्म टी-शर्टवर ठेवायची, वरून गरम मशीन दाबायचं, आणि थांबायचं. फिल्म पूर्ण गार झाली की अलगद सोलायची. अक्षरं कापडावर राहतात, प्लॅस्टिक हातात येतं. गरम असताना घाई केली तर अक्षरंही हातात येतात.

"लग्नावाणीच हाय की," आमचे हे म्हणाले. "गार झाल्यावरच कळतं काय चिकटलं ते." (त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.)

माझं मशीन होतं हळदीच्या शेडच्या एका कोपऱ्यात. पावसाळ्यात, हिवाळ्यात त्याला कुणी काही बोललं नाही. पण उन्हाळा लागला, हळद काढून झाली, शिजली, वाळली आणि पॉलिशचा ड्रम बाहेर आला, तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेडच्या दारात येऊन उभे राहिले. मामंजी दारात उभे राहिले की समजायचं, निकाल आधीच लागलेला आहे.

"सूनबाई, शिजन सुरू झाला. ड्रमला जागा लागते. तुहं मशीन माळ्यावर टाक."

"मामंजी, माळ्यावर गेलेली वस्तू आपल्या घरात कधी खाली आलीय का?" मी म्हणाले. "आमच्या गजूच्या हळदीचे टी-शर्ट करायचे हायत मला. तेवढं तर होऊ द्या!"

गजू म्हणजे माझा धाकटा भाऊ. गोरेगावला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मामंजींचा त्याच्यावर जीव, कारण त्यांच्या फोनमधला आवाज फक्त गजूलाच वाढवता येतो. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"बरं. गजूचं काम बराबर झालं तर कोपरा कायमचा तुहा. न्हाई झालं तर मशीन माळ्यावर. तवर दोनी कामं संगंच चालू द्या."

मला इतका आनंद झाला, की 'संगंच' म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलंच नाही.

गजूची मागणी मोठी होती. हल्ली हळदीला नुसते पिवळे कपडे घालून भागत नाही. प्रत्येकाच्या छातीवर त्याचं नातं छापलेलं लागतं, नाहीतर कोण कुणाचं हे लोकांना कसं कळणार? (गोरेगावात सगळे सगळ्यांना ओळखतात, ही गोष्ट वेगळी.) 'नवरदेवाचा लाडका मामा', 'नवरदेवाची आई, जरा शांत घ्या', आणि दोस्तांसाठी 'आम्ही फक्त जेवायला'.

"ताई, तुझ्या टी-शर्टवर काय टाकायचं?" गजूनं फोनवर विचारलं.

"टाक, नवरदेवाची शहाणी ताई."

"असं कोण म्हणतं?"

"छापणारी मी हाय!"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "ताई, चांगले कर हां. मी सासरवाडीत सांगून बसलोय, की माझ्या ताईचा टी-शर्टचा कारखाना हाय."

कारखाना! हळदीच्या पोत्यांमागे एक मशीन, एक टेबल आणि एक खुर्ची, तीही पाय हलणारी. पण माझ्या भावानं माझ्यासाठी एवढं मोठं खोटं बोलावं, या विचारानं माझा ऊर भरून आला. त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं मी त्या हलत्या खुर्चीवर बसून ठरवलं.

नांदेडहून पांढरेशुभ्र टी-शर्ट आले, फिल्म आली, आणि मी कामाला लागले. शेडच्या दुसऱ्या टोकाला आमचे हे ड्रम फिरवत होते. ड्रम फिरला की हळद घासली जाते आणि तिची साल पिवळी धूळ होऊन उडते. मी मधे जुनी साडी बांधली. साडीनं धूळ अडली असती तर आमच्या घरातल्या भिंती, गाय आणि आमचे हे, तिघंही पिवळे झाले नसते. पण त्या वेळी मला वाटलं, झाला बंदोबस्त.

पहिला टी-शर्ट मशीनमधून काढला, गार होऊ दिला, फिल्म सोलली. अक्षरं काय सुंदर उमटली होती! काळीभोर, कडा धारदार. आणि त्या अक्षरांच्या भोवती, मशीनच्या तव्याच्या मापाचा, एक पिवळा चौकोन.

डोळ्यांना न दिसणारी धूळ कापडावर बसली होती. गरम तव्यानं तिला कायमचं घर करून दिलं.

"अहो, ड्रम थांबवा!" मी ओरडले.

"काय?" ड्रमच्या आवाजात यांना ऐकू जाईना.

"ड्रम!"

"व्हय व्हय, चांगला चालून राहिला!"

ड्रम थांबेना, तेव्हा चौकोन नंतर धुऊन काढू म्हणत मी बाकीचेही टी-शर्ट छापून टाकले. तोवर इकडे आत्याबाई, माझ्या सासूबाई, मदतीला आल्या होत्या. मी न सांगता आल्या होत्या, हे विशेष. छापून झालेले टी-शर्ट त्या मायेनं घड्या घालून ठेवत होत्या. आता उन्हाळ्यात आत्याबाईंचे तळहात कसे असतात, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. पण बघणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. 'लाडका मामा' मी उलटा करून पाहिला, तर पाठीवर पाच बोटांचा पिवळाधमक पंजा! प्रत्येक टी-शर्टवर पंजा!

"आत्याबाई, हे काय हो केलंत!"

त्यांनी पंजा निरखून पाहिला. "शुभच हाय की माय. लग्नघराच्या भिंतीवर उमटवतातच ना?"

"भिंतीवर, आत्याबाई! मामाच्या पाठीवर न्हाई!"

ताबडतोब साबणात भिजवावेत, असं कुणालाही वाटेल. पण धंद्याचा नियम आहे: नव्या छपाईला एक दिवस पाणी लावायचं नाही. हा नियम मी घरात इतक्या वेळा, इतक्या रुबाबात सांगितला होता, की आता तो मोडणं शक्यच नव्हतं. मग आत्याबाईंनी उपाय सांगितला, "उन्हात टाक. हळदीचा डाग उन्हानं उडतो." बात खरी आहे. मी सगळे टी-शर्ट अंगणातल्या दोरीवर टाकले. दुपारी वावटळ आली. डाग नाही उडाले, टी-शर्ट उडाले. आणि अंगणात दुसरं काय पसरलेलं असणार? वाळत घातलेली हळद! मी धावत जाऊन एकेक उचलला, तेव्हा 'नवरदेवाची आई' कुठे आणि पांढरा रंग कुठे, काही पत्ता लागत नव्हता.

मी हळदीच्या ढिगाशेजारी खाली बसले आणि खरोखर रडले. मशीन माळ्यावर जाणार याचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त तो 'कारखाना' डोळ्यांपुढे येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबणाचा चुरा आणि बादली घेऊन मी नळावर बसले, एवढ्यात मामंजी आले.

"काय करून राहिली?"

"धुते. जेवढं निघंल तेवढं निघंल."

"काहून धुते?" मामंजींनी एक टी-शर्ट उचलला, उन्हाकडे धरला. "कार्यक्रम कशाचा हाय? हळदीचा! मंग पांढरे काहून पाहिजेत? डाग दिसतो कारण बाकीचं कापड पांढरं हाय. समदंच पिवळं करून टाक. डाग राहीलच कुठं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती! मी साबण बाजूला ठेवला. एक टी-शर्ट, एकच टी-शर्ट जरी तेव्हा त्या साबणात पडला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नशीब साबणाच्या चुऱ्याला हात लावू देईना.

मग घरात नुसता उत्साह. मोठं पातेलं चढलं. आमच्याच शेतातली हळद, तुरटीचा खडा, कोमट पाणी. आमचे हे ढवळायला, आत्याबाई पिळायला, मामंजी सूचना करायला. सावलीत वाळलेले टी-शर्ट पाहून माझे डोळे निवले. असा रंग बाजारात मिळायचा नाही! पंजे नाहीत, चौकोन नाहीत, वर काळी अक्षरं ठसठशीत. मामंजींनी स्वतःसाठी एक टी-शर्ट मागितला. त्यावर छापून घेतलं, 'हळद: कुरुंद्याची'.

गोरेगावच्या मांडवात आम्ही उतरलो तेव्हा माझी चाल बदललेली होती. गजूनं टी-शर्ट घातला आणि गर्दीसमोर मला मिठी मारली. "बघा, माझ्या ताईच्या कारखान्यातला माल!" नवरीकडचे पाहुणेही होते, ते कापड चिमटीत धरून बघत होते. मामंजी प्रत्येकाला सांगत होते, "केमिकल न्हाई. समदी शेतातली हळद." मी 'शहाणी ताई' छातीवर घेऊन मांडवभर उगाच दोनदा फिरून आले.

हळद लागली, डीजे सुरू झाला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग गजूच्या दोस्तांनी एक मशीन आणलं. हल्ली हळदीत फेस उडवतात. पंख्यासारखं मशीन, त्यातून ढगाएवढा फेस बाहेर पडतो आणि पोरं त्यात नाचतात. हे मशीन कुणीतरी घरीच जुळवलेलं होतं.

"त्यात काय घालता रे?" मी सहज विचारलं.

"काही न्हाई ताई, कपडे धुवायची पावडर!"

मशीन सुरू झालं. मांडव फेसानं भरला. पोरं आरोळ्या मारू लागली, मामा नाचायला लागले, आई शांत घ्यायचं सोडून फुगडीच घालायला लागली. मग फेस हळूहळू खाली बसला.

सगळे लाल झाले होते!

पिवळं नुसतं नावाला. गळ्यापासून पोटापर्यंत लालभडक ओघळ. एक म्हातारी किंचाळली, "अगं बाई, रगत! नवरदेवाला लागलं!" डीजे बंद. चार जणांनी गजूला उचलून बाजेवर निजवलं. तो ओरडतोय, "मला काही झालं न्हाई!" आणि त्याला धरणारे म्हणतायत, "धक्का बसलाय त्याला, पाणी आणा!" पाणी आणलं. पाणी ओतलं. लाल आणखी पसरलं.

आता हळदीला साबण, सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. ते जन्मतःच माहीत असतं. आत्याबाई तर दरवर्षी हळदीला चुन्याची निवळी लावून घरी कुंकू करतात! मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मामंजींकडे बघितलं, आणि आम्ही तिघांनी एकदमच कपाळाला हात लावला. (आमच्या दोघींच्या कपाळावर तर पुरावाच होता.)

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नवरीकडचे पाहुणे उठून उभे राहिले होते. गजू बाजेवरून माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात मामंजी बाकावर चढले. "कुणी घाबरू नका! हळद अस्सल हाय म्हणून लाल झाली! पोटात घालता ती हळद घरी जाऊन साबणात टाकून बघा. न्हाई लाल झाली तर माह्याकडं या!"

मग नवरीच्या काकांनी विचारलं, "पोत्यानं मिळंल का?"

तिथून पुढे मामंजींभोवती गर्दी जमली. साऱ्या गोरेगावला हळद पाहिजे होती. टी-शर्टबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही!

गजू मात्र बाजेवरून उतरला. लालपिवळा, केसांत फेस. मी म्हणाले, "गजू, चुकलं रे माझं. तुझी मान..."

"ताई," तो म्हणाला, "पल्लवीला व्हिडिओ कॉल केला व्हता." पल्लवी म्हणजे होणारी नवरी. "ती म्हणाली, हळद आन् कुंकू एकदमच लागलं तुमाला, आता कुणी आपलं लग्न मोडू शकत न्हाई. लई हसली." मग तोही हसला, मी रडता रडता हसले, आणि दोघांच्या मिठीत जे काही पिवळं उरलं होतं तेही लाल झालं.

परत येताना जीपमध्ये मामंजी माझ्यासमोर बसले होते. कुरुंदा जवळ आलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या छातीवरच्या अक्षरांवर अंगठा घासला. जोरात घासला. नखानं खरवडलं.

"रंग गेला," ते म्हणाले. "पर अक्षर न्हाई हाललं. कोपरा तुहा."

मामंजी शब्दाचे पक्के. ड्रम आता बाहेर पत्र्याखाली चालतो, शेडमध्ये माझं मशीन आहे, आणि पाय न हलणारी खुर्चीही आली आहे. रोज संध्याकाळी आत्याबाई ड्रम पुसतात. पुसायला चांगलं सुती फडकं लागतं म्हणून त्यांनी घरातला सगळ्यात निरुपयोगी कपडा घेतला आहे. कापड विरलं, बाह्या गेल्या, रंग कुठला ते सांगता येत नाही. पण छपाई माझी आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ड्रमवर वाळत टाकलेलं ते फडकं वाचतं, मग माझ्याकडे बघतं, आणि काही केल्या त्यावरचं 'शहाणी' निघत नाही!